तळे जवळ आहे, पण नेणारा कोण?

ज्येष्ठ व दिव्यांग बांधवांच्या आरोग्य विम्याविषयी
वाचन : योहान ५:१-९



बेथेस्दाच्या तळ्याकाठी एक मनुष्य अडतीस वर्षे आजारी पडून होता. बरे करणारे पाणी समोरच होते. पण त्याला उचलून पाण्यात नेणारे कोणी नव्हते. त्याने येशूला आपले हेच दुःख सांगितले.

काही काळापूर्वी आपल्या परिसरातील एका आजोबांच्या छातीत दुखू लागले. मुलाने घाईने नागपूरला नेले, अँजिओप्लास्टी झाली. आजोबा वाचले, पण धानाची बांधी गहाण पडली. मी त्यांना रुग्णाभ्यंग संस्कार दिला, प्रार्थना केली. मात्र घरात शिधापत्रिका आहे का, दवाखाना योजनेत आहे का, हे विचारायचे मला सुचले नाही. शिधापत्रिका घरातच होती, दवाखाना तेवढा योजनेबाहेरचा निघाला. ही चूक माझीही आहे. म्हणून आजचा हा पाठ.

१. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना
ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर पोहोचली आणि २०१७ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. पिवळी, केशरी आणि आता पांढरी शिधापत्रिकाही यात चालते. २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. वयाची अट नाही. म्हणून साठीतील विधवा बहीण किंवा घरातील दिव्यांग मुलगा यांचे नाव शिधापत्रिकेत आहे ना, हे आजच पाहा.

२. आयुष्मान वय वंदना कार्ड
केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ मध्ये आली. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, गरीब असो वा श्रीमंत, ती खुली झाली. घर आधीच योजनेत असेल तर ज्येष्ठांसाठी आणखी ५ लाख रुपये वेगळे मिळतात. पती-पत्नी दोघेही सत्तरीपुढचे असतील तर ही रक्कम दोघांत मिळून असते. नोंदणीला आधार लागते. शेतीकामाने बोटांचे ठसे झिजले असतील तर चेहऱ्यावरून किंवा मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीवरूनही ओळख पटवता येते.

३. निरामय योजना
स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ही योजना आहे. संरक्षण वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत. भरती न होता घेतलेले उपचार व थेरपी यांचाही खर्च ठरलेल्या मर्यादेत मिळतो. आधी खर्च करावा लागतो, मग बिले पाठवून परतफेड मिळते. म्हणून प्रत्येक पावती जपून ठेवा आणि दरवर्षी नूतनीकरण करा.

हे लक्षात ठेवा
पहिल्या दोन योजना प्रामुख्याने दवाखान्यात भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. रोजच्या बीपी-साखरेच्या गोळ्यांचा खर्च त्यातून निघत नाही. त्या सरकारी दवाखान्यातून घ्याव्यात. जुना आजार असला तरी उपचार नाकारले जात नाहीत. उपचार मात्र योजनेतील दवाखान्यातच घ्यावे लागतात. तेथे गेल्यावर आधी आरोग्यमित्राला भेटा. शंका असल्यास १५५३८८ किंवा १४५५५ वर विनामूल्य विचारा. हे सारे आजार येण्याआधी करायचे आहे. मध्यरात्री रुग्ण गाडीत असताना कागद शोधायला वेळ नसतो.

कोणी म्हणेल, सरकारकडे हात पसरायचा का? बंधूंनो, दान आणि न्याय यात फरक आहे. दान देणाऱ्याच्या इच्छेवर असते, न्याय म्हणजे ज्याचे त्याला देणे. मिठाच्या पुड्यापासून कापडापर्यंत आयुष्यभर आपण जे विकत घेतले, त्यातील कितीतरी वस्तूंवर कर भरला. ज्याने चाळीस वर्षे चिखलात रोवणी करून इतरांचे ताट भरले, त्याला म्हातारपणी उपचार मिळणे ही भीक नव्हे. आणि दयाळू शोमरोनी आठवा. त्याने जखमा बांधल्या, पण तेवढ्यावर थांबला नाही. उतारशाळेच्या मालकाला पुढच्या खर्चाचे पैसेही देऊन ठेवले. उद्याच्या आजारपणाची आज तजवीज करणे म्हणजे देवावर अविश्वास नव्हे, तो प्रेमाचाच भाग आहे.

चिंतनासाठी प्रश्न
१. माझ्या घरातील ज्येष्ठांचे कार्ड निघाले आहे का?
२. माझ्या शेजारी एकटे राहणारे, वाचता न येणारे कोण आहे? त्यांना केंद्रावर कोण नेईल?

येत्या रविवारी मिस्सानंतर आपले तरुण मोबाईल घेऊन चर्चच्या ओसरीवर बसतील. आधार व शिधापत्रिका घेऊन या. कोणत्याही धर्माच्या शेजाऱ्यालाही सोबत आणा.

प्रार्थना : हे प्रभो, ज्याला कोणी नाही त्याच्याकडे तू स्वतः गेलास. आम्हालाही त्याच्या दारापर्यंत ने. आमेन.

– आपला धर्मगुरू