अधिकारी बदलतो, मंजुरी टिकते

गावच्या शाळेतील मुख्याध्यापक सेवानिवृत्त झाले म्हणून त्यांच्या सहीने दिलेले शाळा सोडल्याचे दाखले कोणी परत मागवीत नाही. पंचायतीच्या सचिवांची बदली झाली म्हणून त्यांच्या सहीची घरपट्टीची पावती रद्द होत नाही. सही करतेवेळी त्या व्यक्तीस तसा अधिकार होता, एवढे पुरेसे असते. ही गोष्ट आपल्या अंगवळणी पडलेली आहे. मात्र हाच प्रश्न कारखान्यात उपस्थित झाला म्हणजे पुष्कळांची गल्लत होते. म्हणून त्याचा थोडक्यात विचार करणे अगत्याचे आहे.

नियंत्रित दस्तऐवज म्हणजे काय ?

वेर्णा, कुंडई यांसारख्या गोव्यातील औद्योगिक वसाहतींत औषधांचे अनेक कारखाने आहेत. तेथील प्रत्येक काम लेखी कार्यपद्धतीनुसार करावे लागते. यंत्र कसे धुवावे, किती तापमानास किती वेळ प्रक्रिया करावी, हे सारे त्या कागदात नमूद असते. अशा कागदास क्रमांक, आवृत्ती व अंमलाची तारीख असते. त्याच्या प्रती कोणाकडे आहेत याची नोंद असते. आणि नवी आवृत्ती निघताच जुन्या प्रती परत घेतल्या जातात. यालाच नियंत्रित दस्तऐवज म्हणतात. त्यावर सामान्यतः तीन सह्या असतात : तयार करणाराची, तपासणाराची आणि मंजुरी देणाराची.

मंजुरी देणारा अधिकारी नोकरी सोडून गेला, तर त्या कागदाचे काय करावयाचे ?

दोन चुका

पहिली चूक उत्साहाची. नवा अधिकारी रुजू होताच संगणकात जुन्या नावाच्या जागी त्याचे नाव घातले जाते आणि आवृत्ती व तारीख तीच ठेवून कागद पुन्हा छापला जातो. कागद अद्ययावत दिसतो, पण तो आता असत्य बोलतो. समजा, एक कार्यपद्धती १२ मार्च २०२३ रोजी मंजूर झाली आणि नवा अधिकारी जून २०२४ मध्ये आला. मार्च २०२३ च्या मंजुरीपुढे त्याचे नाव घालणे म्हणजे जो निर्णय त्याने पाहिलाही नाही, त्याची जबाबदारी त्याच्या माथी मारणे होय. पुढे एखाद्या औषधाविषयी तक्रार आली, तर तो निर्णय कोणी व कोणत्या आधारावर घेतला, हे शोधण्याचा मार्गच बंद होतो.

दुसरी चूक आळसाची. अधिकारी गेला तरी काहीच बदलले जात नाही. वायुगळती झाल्यास कोणास कळवावे, या भिंतीवरील फलकावर गेलेल्या माणसाचेच नाव व दूरध्वनी क्रमांक राहतो. रात्रपाळीचा कामगार त्या क्रमांकावर फोन करतो आणि मोलाचा वेळ वाया जातो. पहिल्या चुकीने सत्य हरवते. दुसऱ्या चुकीने प्राणही जाऊ शकतो.

नियम काय सांगतात ?

दर्जा व्यवस्थापनाचे आय. एस. ओ. ९००१ हे आंतरराष्ट्रीय मानक प्रथम १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या १९९४ च्या आवृत्तीत असे म्हटले होते की, दस्तऐवजातील बदलांना मूळ मंजुरी देणाऱ्या कार्यविभागानेच मंजुरी द्यावी. अन्यथा दुसऱ्या कोणास तसे स्पष्टपणे नेमून द्यावे. अधिकार पदाचा असतो, हे तत्त्व त्यात उघड आहे. २०१५ च्या आवृत्तीत दस्तऐवजाची योग्यता तपासून त्यास मंजुरी द्यावी व आवृत्त्यांवर नियंत्रण ठेवावे, असे सांगितले आहे. मंजुरी देणारा गेल्यामुळे कागद पुन्हा काढावा, असे कोठेही म्हटलेले नाही.

औषध कारखान्यांसाठी अनुसूची ‘एम’ लागू असून तिचे सुधारित रूप डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झाले. तीनुसार दस्तऐवजावर अधिकृत व्यक्तीची सही व तारीख हवी, त्याची नियमित फेरतपासणी व्हावी आणि नोंदीत दुरुस्ती केल्यास मूळ मजकूर वाचता आला पाहिजे. शिवाय उत्पादन व चाचणी यांस जबाबदार असलेल्या तज्ज्ञ कर्मचाऱ्यांतील बदल परवाना अधिकाऱ्यास कळविणे, ही परवान्याची एक अट आहे.

कोणती पद्धत अवलंबावी ?

१. अंमलात असलेल्या कागदावरील जुन्या मंजुरीस हात लावू नये. मजकूर बदलेल तेव्हा, अथवा ठरलेल्या मुदतीने होणाऱ्या फेरतपासणीच्या वेळी नवी आवृत्ती काढल्यास, नव्या अधिकाऱ्याने तीवर स्वतःच्या तारखेने सही करावी.

२. भरलेली नोंदपत्रके घडून गेलेल्या कामाचा पुरावा असतात. त्यांतील नावे कधीही बदलू नयेत.

३. आज कोणी काय करावे, हे सांगणाऱ्या याद्या मात्र अधिकारी जाण्याच्या दिवशीच बदलाव्यात. दूरध्वनीचे फलक, प्रती वाटपाची यादी व सह्यांचे अधिकारपत्र यांत मोडतात. कार्यपद्धतीच्या मजकुरात व्यक्तीच्या नावाऐवजी पदनाम लिहिले, तर हे काम पुष्कळच हलके होते.

४. नमुना सह्यांची वही ठेवावी. तीत पूर्ण नाव, पदनाम, सही, आद्याक्षरे आणि अधिकार सुरू झाल्याची व संपल्याची तारीख असावी. दहा वर्षांनंतर दोन अक्षरांची सही कोणाची, हे या वहीवरूनच उमगते.

५. पद रिक्त असेल, तर तात्पुरता अधिकार कोणास दिला हे लेखी असावे. अपूर्ण राहिलेला मसुदा त्याने प्रथम वाचावा आणि मगच सही करावी. मागील तारीख घालून सही करणे सर्वथा वर्ज्य होय.

६. संगणकावरील गेलेल्या व्यक्तीचे खाते बंद करावे, परंतु पुसून टाकू नये आणि वारसाहक्काने उत्तराधिकाऱ्यासही देऊ नये. संस्थेच्या कामासाठी घेतलेले तिचे डिजिटल सहीचे प्रमाणपत्र रद्द करून घ्यावे. ते वैध असताना केलेल्या सह्या त्यामुळे बाद होत नाहीत.

मंजुरी देणाऱ्या व्यक्तीस मुळातच अधिकार नव्हता, असे आढळल्यास मात्र प्रश्न निराळा. तेथे त्या कागदाची तत्काळ फेरतपासणी करून नवी मंजुरी घ्यावी व कारणाची नोंद ठेवावी.

शाळांत व कार्यालयांतही हीच रीत उपयोगी पडते. आपल्या दप्तरातील प्रत्येक नावाबाबत एकच प्रश्न विचारावा : हे नाव काल काय झाले ते सांगते, की आज कोणी काय करावयाचे ते सांगते ? पहिल्या प्रकारचे नाव जपावे, दुसऱ्या प्रकारचे विनाविलंब बदलावे. असे केल्याने, गेलेल्या माणसाने जे केले त्याचे श्रेय व दायित्व त्याच्याकडेच राहते आणि नव्याने आलेला माणूस स्वतःच्या सहीपुरताच उत्तरदायी ठरतो.