मज्जारज्जूतील झाडलोट

बोटातील मज्जातंतू तुटला, तर काही महिन्यांनी तेथील संवेदना परत येऊ शकते. पण मज्जारज्जूला जबर इजा झाली, तर पायांतील गेलेली शक्ती अनेकदा कायमची जाते. असे का व्हावे?

१८५० साली ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेचे मज्जातंतू कापून पाहिले. मूळ पेशीपासून तुटलेल्या तंतूचे हळूहळू तुकडे होतात, असे त्यांना आढळले. हे तुकडे गिळून टाकण्याचे काम भक्षकपेशींचे. हातापायांत श्वान पेशी आणि रक्तातून आलेल्या भक्षकपेशी काही आठवड्यांत जागा बरीचशी साफ करतात. मज्जारज्जूत मात्र मायक्रोग्लिया व भक्षकपेशी कामाला लागूनही तंतूंवरील मायेलिन या स्निग्ध आवरणाचा कचरा महिनोन्महिने, माणसात तर वर्षानुवर्षे पडून राहतो. तो गिळून फुगलेल्या पेशी तेथेच साचतात आणि दाह चालू ठेवतात. शिवाय मायेलिनमधील ‘नोगो-ए’सारखी प्रथिने नव्या अंकुरांची वाट अडवतात.

नुसत्या सफाईने तंतू जुळत नाहीत, हे खरे. पण कचरा हटल्याशिवाय वाट मोकळी होत नाही. त्यावर संशोधन चालू आहे. तोवर एक गोष्ट आपल्या हाती आहे: अपघातग्रस्ताला उचलताना त्याची मान व पाठ वाकू न देणे.