पायाला लागला, तर आधी ‘फाउल’ म्हणा

न्यू जर्सीत आमच्या भागातल्या मुलांच्या बेसबॉल लीगला दर हंगामात अंपायर कमी पडतात आणि मग पालकांनाच उभं राहावं लागतं. त्यातल्या मराठी पालकांसाठी, म्हणजे क्रिकेट बघत वाढलेल्यांसाठी, हे लिहितो आहे. मारलेला चेंडू बॅटरच्याच अंगावर आला की आपली क्रिकेटची नजर आडवी येते.

क्रिकेटमध्ये अशा वेळी खेळ चालूच राहतो. बॅटची कड घेऊन पॅडवर आदळलेला चेंडू शॉर्ट लेगने झेलला, तर फलंदाज बाद. बुटावरून यष्ट्यांवर गेला तरी बाद. बेसबॉलमध्ये बॅटर आपल्या बॉक्समध्ये उभा असताना त्याने मारलेला चेंडू मुद्दाम न अडवता त्याच्या अंगाला लागला, तर तो फाउल. चेंडू त्याच क्षणी मेला. पुढे तिसऱ्या बेसवाल्याने तो हवेत पकडला तरी तो झेल नाही, आणि रनर जिथून निघाले तिथे परत जातात.

मी अंपायरिंग शिकलो ते एका सामन्यामुळे. त्या दिवशी जाळीमागे पालक म्हणून बसलो होतो. तिसऱ्या बेसवर रनर होता. बॅटरने खाली येणारा चेंडू मारला, तो थेट त्याच्या पुढच्या घोट्यावर बसला आणि घरंगळत पिचरकडे गेला. प्लेटमागच्या अंपायरना कॅचर आड आल्यामुळे दिसलं नाही. बेसवरच्या अंपायरना दिसलं, पण निर्णय प्लेटवाल्यांचा म्हणून ते गप्प राहिले. कोच ‘रन, रन’ ओरडत होता. पोरगं लंगडत धावलं आणि अर्ध्या वाटेत कोसळलं. तिकडे रनर होमला पोचला, इकडे पहिल्या बेसवर आउट. मग दोन्ही अंपायर एकत्र आले, फाउल ठरला, रन रद्द झाला आणि दोन्हीकडचे पालक चिडले. मला त्या रनचं काहीच वाटलं नाही. नियमाने ज्याला एक पाऊलही टाकायची गरज नव्हती, तो मुलगा दुखऱ्या पायाने धावला, याचा संताप आला. अजूनही येतो.

म्हणून सामन्याआधी जोडीदाराशी बोलून घ्या: ज्याला दिसेल त्याने लगेच दोन्ही हात वर करून मोठ्याने ‘फाउल’ म्हणायचं. बॅटरचे पाय बेसवरून पुष्कळदा जास्त स्वच्छ दिसतात. चेंडूने मध्येच दिशा बदलली का, दुसरा आवाज आला का, बॅटर कळवळला का, हे एकत्र बघा. नुसत्या कळवळण्यावर जाऊ नका. चेंडूही बोलतो. १९६९च्या वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या सामन्यात मेट्सचे मॅनेजर गिल हॉजेस यांनी चेंडूवरचा बूटपॉलिशचा डाग दाखवला आणि क्लिऑन जोन्सला पहिला बेस मिळाला. तो पिचरचा चेंडू सरळ पायाला लागला होता, मारलेला नव्हता. पण चेंडू हातात घेऊन बघायची सवय तिथून घ्यावी.

खरा वाद होतो तो बॉक्सवरून. फाउल लाइन प्लेटच्या टोकापासून मोजली जाते, त्यामुळे बॉक्सचा काही भाग फेअर हद्दीत येतो. आत चुन्याची रेघ नसते, म्हणून हे कुणाच्या ध्यानात येत नाही. तरी बॅटर बॉक्समध्ये असेल तर फाउलच. बॉक्सच्या रेघा बॉक्समध्येच धरायच्या. तो बॉक्स सोडून धावायला लागला आणि फेअर हद्दीत, कुणा फील्डरला लागण्याआधी चेंडू त्याला लागला, तर मात्र तो आउट. बेसबॉलच्या अधिकृत नियमावलीतला ५.०९ हा नियम यासाठी एकदा शांतपणे वाचाच. बॉक्सबाहेर पण फाउल हद्दीत लागला, तर साधा फाउल. आणि कुठेही असो, चेंडूची वाट मुद्दाम बदलली तर आउट.

बॅटचंही असंच. बॉक्समध्येच चेंडू पुन्हा बॅटला लागला तर फाउल. बाहेर, फेअर हद्दीत, हातातल्या बॅटला लागला तर आउट. टाकून दिलेल्या बॅटवर चेंडू आपणहून घरंगळत आला आणि बॅटरचा हेतू तसा नसेल, तर खेळ चालू.

‘हात म्हणजे बॅटच’ हे मैदानावर सर्रास ऐकू येतं. ते खोटं आहे. मुलाने बॅट फिरवली आणि चेंडू बॅटला न लागता बोटांवर बसला, तर तो स्ट्राइक, फाउल नव्हे. तिसरा असेल तर मूल आउट. आधी बॅटला आणि मग बोटांना लागला, तरच फाउल. दोन स्ट्राइक झालेले असतील तर फाउलने तिसरा मोजत नाहीत, पण बंटचा फाउल असेल तर मोजतात.

फाउल दिल्यावर कोचला आत बोलवा, मुलाचा पाय बघू द्या. त्याला उभं राहता येत नसेल, तर बदली बॅटर येतो आणि काउंट तोच राहतो. दोन बॉल आणि एक स्ट्राइक असेल, तर नवा मुलगा तिथूनच सुरू करतो. हे दोन्ही कोचना आणि स्कोअर लिहिणाऱ्याला मोठ्याने सांगा, मगच ‘प्ले’ म्हणा.