फोन सही कशी ओळखतो?

समजा तुम्ही शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसविला आहे. रोज सकाळी साडेआठ वाजता जायचे, किती मिलिमीटर पाऊस पडला ते पाहायचे आणि वहीत लिहायचे. पण पावसात वहीच भिजते! म्हणून तुम्ही संगणकावर एक छोटेसे ॲप तयार केले. आकडा भरला की ते तारखेसह तो साठवून ठेवते आणि महिन्याची बेरीज दाखवते. संगणकाच्या पडद्यावरील नकली फोनमध्ये ते झकास चालले. मग तुम्ही काकांचा आयफोन मागून आणला, तारेने संगणकाला जोडला आणि ॲप त्यात पाठवले. झाले! 'या ॲपवर सही नाही' अशा अर्थाचा एक इंग्रजी संदेश आला आणि सगळे तिथेच थांबले.

ॲपवर सही? कागदावर सही असते हे ठाऊक आहे. पण ॲप म्हणजे तर आकड्यांची एक लांबलचक यादी. आकड्यांवर सही करायची कशी, आणि केलीच तर फोन ती ओळखणार कशी? त्याने तुमचे हस्ताक्षर कधी पाहिलेले नाही.

या प्रश्नाचे उत्तर कागद-पेन्सिलीने करता येईल अशा गणितात आहे. पण आधी एका जुन्या शब्दाकडे पाहू या.

शिक्का आणि मोर्तब

एखादी गोष्ट पक्की झाली की 'शिक्कामोर्तब झाले' असे आपण म्हणतो. जुन्या मराठी राजपत्रांवर पत्राच्या माथ्याशी शिक्का असे आणि मजकूर संपला की शेवटी मोर्तब उमटवीत. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावर 'मर्यादेयं विराजते' अशी अक्षरे होती. म्हणजे पत्राची मर्यादा इथवर. याखाली कोणी एक ओळ जरी वाढवली तरी ती महाराजांची नव्हे.

तेव्हा शिक्कामोर्तबाने दोन कामे होत. पत्र कोणाचे ते कळे, आणि त्यात मागाहून भर घातलेली नाही हेही कळे. ॲपवरील सहीनेही हीच दोन कामे व्हायला हवीत. मात्र लाकडाचा किंवा धातूचा शिक्का कोणी हुबेहूब कोरला तर फसगत होते. आकड्यांच्या शिक्क्यात तर नक्कल अगदीच सोपी, कारण आकडा कोणीही उतरवून घेईल. म्हणून शिक्का असा हवा की तो तपासता सर्वांना यावा, पण उमटवता एकट्यालाच यावा.

ही कल्पना व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७६ साली मांडली. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमिर आणि ॲडलमन या तिघांनी ती प्रत्यक्षात कशी आणायची ते दाखवले. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्या रीतीला आरएसए म्हणतात. आपण तीच रीत अगदी लहान आकडे घेऊन करू या.

करून पाहा

समजा तुमचे ॲप म्हणजे फक्त पाच आकडे आहेत: ७, २, ९, ४, १.

प्रथम या यादीचे 'सार' काढायचे. संगणकवाले याला हॅश म्हणतात. पहिल्या आकड्याला १ ने, दुसऱ्याला २ ने, असे जागेच्या क्रमांकाने गुणा आणि बेरीज करा: ७ + ४ + २७ + १६ + ५ = ५९. आता ५९ ला ३३ ने भागा. बाकी उरते २६. हे आपल्या ॲपचे सार. (नुसती बेरीज का नाही? कारण मग दोन आकड्यांची अदलाबदल केली तर पत्ताच लागणार नाही.)

आता तुमच्याजवळ दोन किल्ल्या आहेत. जाहीर किल्ली ३, ती सर्वांना सांगायची. गुप्त किल्ली ७, ती कोणालाही सांगायची नाही. दोन्हींबरोबर ३३ हा आकडा येतो.

सही करायची म्हणजे २६ चा सातवा घात काढून त्याला ३३ ने भागायचे आणि बाकी घ्यायची. संख्या फार मोठी होऊ नये म्हणून पायरीपायरीने भागत जाऊ. २६ × २६ = ६७६, बाकी १६. हा झाला दुसरा घात. १६ × १६ = २५६, बाकी २५; हा चौथा. २५ × १६ = ४००, बाकी ४; हा सहावा. शेवटी ४ × २६ = १०४, बाकी ५. तेव्हा तुमची सही आहे ५.

ॲप आणि सही दोन्ही फोनकडे गेले. फोनला फक्त ३ ही जाहीर किल्ली माहीत आहे. तो सहीचा तिसरा घात काढतो: ५ × ५ × ५ = १२५. ३३ ने भागून बाकी २६. मग तो ॲपचे सार स्वतः काढतो. तेही २६. जुळले!

आता वाटेत कोणी लबाडाने ९ च्या जागी ८ घातले असे समजा. बेरीज होते ५६ आणि बाकी २३. सही मात्र २६ च सांगते. फोन ॲप नाकारतो. लबाडाला २३ ला साजेशी नवी सही करायची, तर ७ ही गुप्त किल्ली हवी.

ती त्याला शोधता येणार नाही का? आपल्या उदाहरणात सहज येईल. ३३ म्हणजे ३ × ११. या दोन अवयवांतून एकेक वजा करून गुणले की २ × १० = २०. आता ३ ला कशाने गुणले असता २० ने भागून १ बाकी उरते? ७ ने, कारण ३ × ७ = २१. मिळाली गुप्त किल्ली! म्हणजे सारे रहस्य ३३ चे अवयव पाडण्यात आहे. म्हणूनच खऱ्या किल्लीत ३३ च्या जागी ६१७ अंकी संख्या वापरतात. तिचे दोन मूळ अवयव तुमच्या संगणकाने स्वतः निवडून गुणलेले असतात. गुणायला क्षणही लागत नाही, पण उलट अवयव पाडणे महाकठीण. २०२० साली काही गणितज्ञांनी २५० अंकी संख्येचे अवयव पाडले, तेव्हा पुष्कळ संगणक एकत्र राबवावे लागले. ६१७ अंक तर त्याहून फारच दूर राहिले.

आपले सारही कच्चे आहे. बाकी ३३ प्रकारचीच येणार, तेव्हा तेच सार असलेली दुसरी यादी मिनिटभरात सापडेल. खऱ्या कामात एसएचए-२५६ ही रीत वापरतात. तिच्यात शक्य असलेल्या सारांची संख्या लिहायला ७८ अंक लागतात. आयफोनमध्ये तर ॲपच्या आज्ञांची लहान लहान 'पाने' पाडून प्रत्येक पानाचे सार काढतात, त्या सारांची यादी करतात आणि त्या यादीवरून सही होते. एक पान बदलले तरी पकडले जाते.

पण ही किल्ली तुमचीच कशावरून?

इथे चाणाक्ष विद्यार्थी विचारील, लबाडाने स्वतःचीच नवी जोडी बनवली आणि 'ही घ्या माझी जाहीर किल्ली' म्हणून फोनला दिली तर?

प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचे उत्तर तुमच्या एसटीच्या पासात आहे. बसचा वाहक तुम्हाला ओळखत नाही आणि तुमच्या मुख्याध्यापकांची सहीही त्याने पाहिलेली नाही. तो फक्त आगाराचा शिक्का ओळखतो. मुख्याध्यापकांनी दाखला दिला, तो पाहून आगाराने पास दिला आणि पास पाहून वाहकाने तुम्हाला बसू दिले. विश्वास असा हातोहात पुढे गेला.

आयफोनमध्ये आगाराच्या जागी ॲपल कंपनी आहे. तिची जाहीर किल्ली प्रत्येक फोनमध्ये कारखान्यातूनच घातलेली असते. तुमच्या मॅक संगणकाने किल्ल्यांची जोडी बनवली की तो जाहीर किल्ली एका अर्जासोबत ॲपलकडे पाठवतो. गुप्त किल्ली संगणकातच राहते. ती ॲपललाही दाखवायची नसते. 'ही जाहीर किल्ली अमक्याची' असे लिहून ॲपल त्यावर आपली सही करते. हे झाले प्रमाणपत्र.

एवढ्याने भागत नाही. तुमचे ॲप अजून चाचणीत आहे, ते कोणी तपासलेले नाही. म्हणून ते कोठे चालावे यालाही मर्यादा घातलेली असते. त्यासाठी आणखी एक कागद लागतो, त्याला प्रोव्हिजनिंग प्रोफाइल म्हणतात. नाव भारदस्त असले तरी तो एक पासच आहे. पासावर जसे नाव, कोठून कोठे आणि कधीपर्यंत हे लिहिलेले असते, तसे यावर कोणाचे प्रमाणपत्र चालेल, कोणते ॲप, कोणकोणते फोन आणि ॲपला कोणत्या खास सवलती, हे लिहिलेले असते. खाली मुदत आणि ॲपलची सही. प्रत्येक फोनला कारखान्यात मिळालेला स्वतंत्र ओळख-क्रमांक असतो, तो या यादीत लागतो. काकांच्या फोनचा क्रमांक यादीत नसेल तर सही कितीही खरी असो, त्यांच्या फोनवर ॲप चालायचे नाही.

हौशी माणसाला हे सारे फुकट करता येते, पण तो पास सातच दिवसांचा असतो. आठव्या दिवशी ॲप उघडत नाही. पुन्हा तार जोडून नवा पास घ्यायचा. वर्षाला ९९ डॉलर भरून सभासद झाले तर मुदत वाढते आणि वर्षभरात शंभरपर्यंत आयफोन यादीत घालता येतात. विद्यार्थ्याला ही रक्कम जड आहे, हे माझे स्पष्ट मत. याशिवाय २०२२ पासूनच्या आवृत्त्यांत फोनमधील 'डेव्हलपर मोड' चालू करावा लागतो. काकांच्या नकळत त्यांच्या फोनवर कोणी चाचणीचे ॲप चढवू नये, हा त्यामागचा हेतू.

अँड्रॉइडची वेगळी तऱ्हा

अँड्रॉइड फोनवर सही लागतेच, पण चाचणीसाठी ती कोणी प्रमाणित केलेली असावी लागत नाही. ॲप बनवणारी आज्ञावली पहिल्याच वेळी एक चाचणीची किल्ली तयार करते आणि तिचे प्रमाणपत्रही स्वतःच स्वतःला देते. फोनमध्ये 'बिल्ड नंबर' या ओळीवर सात वेळा बोट टेकवले की एक लपलेली यादी उघडते. तीत 'यूएसबी डिबगिंग' चालू करायचे. तार जोडली की फोन त्या संगणकाच्या किल्लीचा ठसा दाखवून 'याला परवानगी देऊ का?' असे विचारतो. इथेही किल्लीच!

मग स्वतःच दिलेल्या प्रमाणपत्राचा उपयोग काय? फोन 'तू कोण' असे विचारत नाही. तो विचारतो, 'तू कालचाच ना?' ॲपची सुधारलेली आवृत्ती आली की जुन्या आणि नव्या आवृत्तीवर एकाच किल्लीची सही आहे का ते तो पाहतो. नसेल तर नवी आवृत्ती जुन्या ॲपच्या साठवणीला हात लावू शकत नाही. हे नसते तर तुमच्या पर्जन्य-ॲपचे नाव घेऊन कोणीही तुमच्या नोंदी पळवल्या असत्या.

याच नियमाने एकदा माझी फजिती केली. असेच पावसाचे ॲप मी घरच्या संगणकावर बनवून फोनवर घातले होते. तेवीस दिवसांच्या नोंदी झाल्या होत्या. एके दिवशी दुसऱ्या ठिकाणच्या संगणकावर बसून मी त्यात एक किरकोळ दुरुस्ती केली आणि तेथूनच ते फोनवर पाठवले. पडद्यावर सूचना आली की सह्या जुळत नाहीत, जुने ॲप काढून टाकावे लागेल, त्यातील माहिती जाईल, काढू का? मी पुरते न वाचता 'हो' म्हटले. त्या संगणकाने आपली वेगळी चाचणी-किल्ली बनवली होती, हे माझ्या ध्यानात आले तेव्हा तेवीस दिवसांचा पाऊस वाहून गेला होता. चाचणीच्या किल्लीची फाइल दोन्ही संगणकांवर एकच ठेवली असती, तर हे घडले नसते.

चाचणीची किल्ली अशी खुशाल इकडून तिकडे न्यावी. तिचा परवलीचा शब्दही साऱ्या जगाला माहीत असतो. ज्या किल्लीने सही करून ॲप लोकांच्या हाती द्यायचे, ती मात्र वेगळी आणि गुप्तच हवी. २०१० साली इराणच्या अणुकेंद्रातील यंत्रांवर घाला घालणारी स्टक्सनेट नावाची घातक आज्ञावली सापडली. तिच्या काही भागांवर तैवानमधील दोन कंपन्यांच्या अस्सल सह्या होत्या, कारण त्यांच्या गुप्त किल्ल्याच चोरीला गेल्या होत्या. संगणकांनी सही तपासली, ती खरी निघाली, आणि त्यांनी त्या भागांना आत घेतले. आज्ञावली कोणाच्या किल्लीने आली एवढेच सही सांगते. ती भली की बुरी, हे नाही.

आता तुमच्यासाठी एक काम. एका शाळेची जाहीर किल्ली ३ आहे आणि तिच्याबरोबरचा आकडा ५५. त्या शाळेकडून चार दिवसांच्या पावसाच्या दोन याद्या आल्या: पहिली ४, २, १, ३ आणि दुसरी ३, २, १, ४. दोन्हींवर सही एकच, १२. सार वरच्याच रीतीने काढा, पण ३३ ऐवजी ५५ ने भागा. खरी यादी कोणती? आणि ती सापडली की ५५ चे अवयव पाडून शाळेची गुप्त किल्लीही शोधा.