दाराला आपली कडी

मॉस्को ही रशियाची राजधानी. तिथे १९१७ पासून १९९१ पर्यंत समाजवादी राजवट होती. शहरातली बहुतेक घरे सरकारी, भाडे अगदी थोडे. पण घरांची टंचाई फार. एका कुटुंबाला एकच खोली मिळे. मोरी, संडास, स्वयंपाकघर साऱ्यांचे मिळून एक. आपल्याकडे दोन जावांचे एका चुलीवर पटत नाही. तिथे तर चार-पाच घरच्या बाया एकाच स्वयंपाकघरात! भांडणे व्हायचीच.

ख्रुश्चेव्ह हे तेव्हाचे पुढारी. १९५७ साली सरकारने ठरवले, दर कुटुंबाला वेगळे घर द्यायचे. वीट वीट रचत बसले तर जन्म जाईल. म्हणून काँक्रीटच्या आख्ख्या भिंती कारखान्यात ओतल्या, गाडीवरून आणल्या आणि क्रेनने उचलून जोडल्या. अशा पाचमजली इमारती भराभर उभ्या राहिल्या. लिफ्ट नाही. स्वयंपाकघर इवलेसे. भिंती पातळ, शेजारी बोलले तर इकडे ऐकू यायचे. लोक नावे ठेवीत, तरी घरासाठी यादीत नाव घालून वर्षानुवर्षे वाट बघत. कारण दाराला आतून आपली कडी होती. आम्हाला वाटते, तिचे मोल बायांनाच जास्त कळले असेल.

२०१७ साली त्या जुन्या इमारती पाडून नव्या बांधायची मोठी योजना मॉस्कोत निघाली. काहींना आनंद झाला. काही म्हणाले, आमचे आहे तेच बरे.