फलकावरची वळसेदार अक्षरे

दुकानाचा फलक किंवा मालाचे लेबल करायला गेले की संगणकवाला अक्षरांचे डझनभर नमुने पुढे करतो. त्यात ‘कर्ल्झ’ चटकन नजरेत भरतो. 1995 साली कार्ल क्रॉसग्रोव्ह व स्टीव्ह मॅटेसन यांनी तो मोनोटाइप कंपनीसाठी रेखाटला. पुढे मायक्रोसॉफ्ट ऑफिसबरोबर तो असंख्य संगणकांवर पोचला.

पुस्तकी रोमन अक्षरांच्या टोकांना बारीक पावले असतात. त्यांना सेरिफ म्हणतात. कर्ल्झमध्ये त्या टोकांना जिलबीसारखे वळसे दिले आहेत. म्हणून खेळणी, केक, बांगड्या, मुलांचे कपडे यांना तो शोभतो. औषधाच्या दुकानाला मुळीच नाही.

व्यापारी भावांनी या फाँटात फक्त नाव घ्यावे, तेही मोठे आणि दोन-तीन शब्दांचे. पत्ता, किंमत, फोन नंबर साध्या अक्षरांत असावेत. बारीक छपाईत वळशांत शाई भरते, आणि नंबर वाचता आला नाही तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. सगळी कॅपिटल अक्षरेही नकोत; नाव वाचायला जड जाते. व्हिनाइल कापून चिकटवायचे असेल तर आधी एकच अक्षर कापून पाहा, कारण सोलताना बारीक टोके निघून येतात. जरीवाल्या कारागिरांना हे सांगायला नको: टाका जाड, तर वेल मोठी.

कर्ल्झमध्ये देवनागरी अक्षरे नाहीत. मराठी नाव टाइप केले की संगणक गुपचूप दुसराच फाँट लावतो. अशा वेळी चांगल्या पेंटरकडून नाव रेखाटून घेतलेले बरे. पैसे चुकते करण्यापूर्वी नमुना खऱ्या आकारात काढून घ्या आणि रस्त्यापलीकडून वाचून पाहा.