विचारांची अवजारे

विहीर खणायची तर पहार लागते, भात कापायचा तर विळा लागतो. हाताने करावयाच्या कामाला अवजार लागते हे आपण सहज मान्य करतो. विचाराच्या बाबतीत मात्र तसे वाटत नाही. डोके आहे ते चालेलच, अशी आपली समजूत असते. मग घरात वाद झाला की दोन्ही बाजू आवाज चढवतात, संकट आले की आपण दैवाला बोल लावतो, आणि मोठे काम समोर आले की ‘हे आपल्याच्याने होणार नाही’ असे म्हणून मोकळे होतो. अशा तीन प्रसंगांसाठी तीन साधी अवजारे काही शिक्षकांनी देशोदेशी पोहोचवली. त्यांची ओळख या पाठात करून घ्यावयाची आहे. पाठ वाचून झाल्यावर तुम्हाला स्वतःची एखादी अडचण कागदावर मांडून तपासता यावी, एवढीच अपेक्षा आहे.

नंदी बाजूला सरला

तमिळनाडूत, कावेरीच्या भातशेतीच्या प्रदेशात कुंभकोणम् हे प्राचीन नगर आहे. हा सारा तंजावर प्रांत सतराव्या शतकापासून दीर्घकाळ भोसले घराण्याकडे होता, त्यामुळे मराठी वाचकाला तो अगदीच परका नाही. कुंभकोणम्‌पासून काही किलोमीटर अंतरावर पट्टीश्वरम् हे गाव आहे. येथील धेनुपुरीश्वर मंदिरात कामधेनूची कन्या पट्टी हिने शिवाची आराधना केली, अशी कथा सांगतात. गावाचे नाव तिच्यावरून पडले.

महादेवाच्या देवळात नंदी पिंडीच्या अगदी समोर बसलेला असतो. आपल्याकडे तर त्याच्या दोन शिंगांमधून पिंडीचे दर्शन घेण्याची रीत आहे. पट्टीश्वरम्‌चे नंदी मात्र सरळ रेषेत नाहीत, किंचित बाजूला सरकलेले आहेत. त्याची कथा अशी : सातव्या शतकातील बालसंत ज्ञानसंबंधर भर उन्हात या गावी येत होते. शिवाने त्यांच्यासाठी मोत्यांचा मांडव पाठविला. त्या मांडवाखालून येणारा आपला भक्त डोळे भरून पाहता यावा, म्हणून त्याने नंदीला बाजूला होण्यास सांगितले.

कथेचा भक्तिपर अर्थ भाविक जाणतातच. आपल्या पाठापुरती त्यातील एकच गोष्ट घेऊ. नंदीला कोणी देवळाबाहेर काढले नाही आणि भक्तालाही कोणी परत पाठविले नाही. ‘नंदी नेमका समोरच असला पाहिजे’ ही एक समजूत तेवढी सोडली गेली, आणि दोघांचेही स्थान कायम राहिले. पुढे येणाऱ्या पहिल्या अवजाराचे मर्म हेच आहे.

कारखान्यातून वर्गाकडे

एलियाहू गोल्डरॅट (१९४७–२०११) हे इस्राएलचे भौतिकशास्त्रज्ञ. कारखान्यांची कामे का रखडतात याचा त्यांनी अभ्यास केला. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढीच असते. म्हणून सगळीकडे थोडीथोडी सुधारणा करीत बसण्यापेक्षा ती कडी शोधा, असे त्यांचे म्हणणे. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द गोल’ या पुस्तकात त्यांनी हा विचार चक्क कादंबरीच्या रूपाने मांडला. व्यवस्थापनाचे पुस्तक म्हणून तो प्रकार नवाच होता.

अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यातील एक शिक्षिका, कॅथी सुअर्कन, यांनी ते पुस्तक वाचले आणि ही विचारपद्धती शाळेतील मुलांबरोबर वापरून पाहिली. गोल्डरॅट यांनी या प्रयत्नाला पाठबळ दिले, आणि १९९५ साली ‘टीओसी फॉर एज्युकेशन’ ही नफा न कमावणारी संस्था उभी राहिली. तिचे काम शिक्षकांच्या जाळ्यामार्फत चालत आले : एका शिक्षकाने दुसऱ्यांना शिकवायचे, त्यांनी आपल्या भाषेतील गोष्टी आणि आपल्या गावातील अडचणी घेऊन ते वर्गात न्यायचे. अशा रीतीने ही अवजारे वीसहून अधिक देशांत गेली. पोलंडमध्ये बालवाडीतील मुले परीकथांच्या आधारे ती शिकली. मलेशिया, फिलिपिन्स, मेक्सिको येथील शिक्षकांनीही ती आपलीशी केली. यासाठी यंत्र लागत नाही, महागडे पुस्तक लागत नाही. फळा आणि खडू पुरतो. प्रौढांच्या वर्गात तर जमिनीवर काडीने रेघा ओढूनही काम भागते.

ढग : भांडण कागदावर मांडणे

पहिल्या अवजाराला ‘ढग’ म्हणतात. ढगात पाच चौकटी असतात. उजवीकडे एकाखाली एक अशा दोन परस्परविरोधी मागण्या लिहायच्या. प्रत्येक मागणीच्या डावीकडे, ती ज्या गरजेतून आली ती गरज लिहायची. अगदी डावीकडे, दोन्ही गरजा ज्याच्यासाठी आहेत ते समान उद्दिष्ट लिहायचे. मागण्या एकमेकींच्या विरोधात असतात, परंतु गरजा बहुधा नसतात. हे दिसू लागले की भांडणाची धग निम्मी कमी होते.

याचे उदाहरण कुंभकोणम्‌मध्येच सापडते. थोर गणिती श्रीनिवास रामानुजन यांचा जन्म १८८७ साली इरोडला झाला, पण त्यांचे बालपण आणि शालेय शिक्षण कुंभकोणम्‌ला झाले. १९०४ साली त्यांना तेथील सरकारी महाविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळाली. गणितापुढे त्यांना दुसरे काही सुचेना. इतर विषयांत ते नापास झाले आणि शिष्यवृत्ती गेली. १९०५ साली ते घर सोडून विशाखापट्टणला निघून गेले. पुढे मद्रासच्या पच्चय्यप्पा महाविद्यालयात त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, परंतु तेथेही परीक्षेत अपयशच आले. शिक्षण अर्ध्यावर सुटणे म्हणजे काय, हे या पाठाच्या वाचकांना निराळे सांगावयास नको.

त्यांच्या अडचणीचा ढग आपण मागाहून काढून पाहू. एक मागणी : सारा वेळ गणिताला द्यावा. दुसरी मागणी : सर्व विषयांना वेळ देऊन पदवी मिळवावी. पहिलीमागील गरज म्हणजे सुचलेले शोध पूर्णत्वास नेणे. दुसरीमागील गरज म्हणजे पोट भरणे आणि जाणकारांची मान्यता मिळणे. समान उद्दिष्ट : गणिताच्या आधाराने सन्मानाने जगणे.

आता प्रत्येक दोन चौकटींमधील रेषेवर बोट ठेवून विचारायचे, ‘हे असेच का?’ जे उत्तर येते त्याला गृहीतक म्हणतात. ‘पोट भरण्यासाठी आणि मान्यतेसाठी पदवी हवी, कारण पदवीशिवाय गणिताची किंमत कोणी करणार नाही.’ ढगाचा कच्चा धागा येथे आहे. पदवीवाचून मान्यतेची वाट होती, मात्र ती सरळ नव्हती. १९०७ साली व्ही. रामस्वामी अय्यर यांच्या पुढाकाराने भारतीय गणित संस्था स्थापन झाली होती. तिचे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते. या संस्थेच्या नियतकालिकात १९११ साली रामानुजन यांचा पहिला लेख छापून आला. १९१२ साली त्यांना मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना ३० रुपयांवर कारकुनाची नोकरी मिळाली. जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांना आपली प्रमेये पत्राने कळविली, आणि त्याच वर्षी मद्रास विद्यापीठाने त्यांना महिना ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली. १९१८ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

यावरून परीक्षा निरर्थक ठरवणे चुकीचे होईल. रामानुजन यांनी दुसरी गरज झिडकारली नाही. कारकुनी पत्करून त्यांनी ती भागवली. सुटली ती मागणी, गरज नव्हे.

हाच ढग घरगुती वादालाही लागू पडतो. सून म्हणते, “आत्या, संध्याकाळचा वर्ग मला चुकवता यायचा नाही.” सासूबाई म्हणतात, “अगं, तिन्हीसांजेला घर उघडं टाकून कसं चालेल?” या दोघींच्या गरजा कोणत्या? त्यांचे समान उद्दिष्ट कोणते? वहीत चौकटी आखून लिहा.

फांदी : एकातून दुसरे कसे निघते

दुसरे अवजार ‘फांदी’. येथे ‘जर’ आणि ‘तर’ या दोन शब्दांनी कारण व परिणाम जोडत जायचे असते. दिसायला सोपे, पण नेमकेपणाची कसोटी पाहणारे. कारण बहुतेक वेळा एका ‘जर’ने ‘तर’ येत नाही. ‘जर हे आणि ते असेल, तर’ असे म्हणावे लागते.

१६ जुलै २००४ रोजी कुंभकोणम्‌मधील एका शाळेला आग लागली आणि ९४ मुले मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुतेक प्राथमिक वर्गांतील होती. अशा घटनेनंतर ‘काळ आला होता’ असे म्हटले जाते. फांदी काढणारा तसे म्हणून थांबत नाही. तो लिहितो : जर स्वयंपाकघरात विस्तव असेल आणि जवळच झावळ्यांनी शाकारलेले छप्पर असेल, तर एका ठिणगीने छप्पर पेटू शकते. जर छप्पर पेटले आणि त्याखाली मुले दाटीने बसलेली असतील आणि उतरण्याचा जिना अरुंद असेल, तर मुलांना वेळेत बाहेर पडता येणार नाही.

यांपैकी एकही ‘जर’ त्या दिवशी सकाळी नव्याने निर्माण झालेला नव्हता. स्वयंपाकघर होते, छप्पर होते, जिना होता. रोज शेकडो डोळ्यांसमोर होते. ते एकमेकांशी जोडून पाहिले गेले नाहीत. ‘आणि’ हा लहानसा शब्द किती मोठा आहे, हे यावरून कळते. साखळीतील कोणताही एक ‘जर’ काढला असता तर पुढची फांदी वाढली नसती. दुर्घटनेनंतर तमिळनाडूत शाळांवरील शाकारलेली छप्परे काढण्याचे आदेश निघाले, आणि १३ एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील शाळांना अग्निसुरक्षेचे नियम पाळणे बंधनकारक केले.

कारणे अनेक असली म्हणून दोष कोणाचाच नाही, असा अर्थ मात्र काढू नये. या प्रकरणी २०१४ साली तंजावरच्या न्यायालयाने दहा जणांना दोषी ठरविले. प्रत्येक ‘जर’ कोणाच्या ना कोणाच्या अखत्यारीत असतो. तो कोणाच्या हे विचारणे, हाही फांदीचाच भाग होय.

तुमच्या मुलांच्या शाळेत, अंगणवाडीत किंवा तुम्ही काम करता त्या कारखान्यात असे किती ‘जर’ शेजारी शेजारी उभे आहेत?

ध्येयाचे झाड

तिसऱ्या अवजाराबद्दल थोडक्यात सांगता येईल. मोठे ध्येय शेंड्यावर लिहायचे, मग त्याच्या आड येणारे सर्व अडथळे लिहायचे. येथे तक्रारखोर माणसाचा फार उपयोग होतो, कारण त्याला अडथळे भराभर सुचतात! प्रत्येक अडथळ्यासमोर, तो ओलांडला गेल्यावर काय झालेले असेल ते लिहायचे. ‘पाच विषयांचा अभ्यास एकदम होत नाही’ हा अडथळा असेल, तर ‘यंदा दोन विषय उत्तीर्ण झालो’ हे मधले ध्येय. मुक्त विद्यालयात विषय टप्प्याटप्प्याने उत्तीर्ण होता येतात आणि नोंदणी पाच वर्षे टिकते, म्हणून हे मधले ध्येय खरोखर साधण्याजोगे आहे. शेवटी मधली ध्येये कोणती आधी, कोणती नंतर, असा क्रम लावला की झाड पुरे होते.

अवजारांची मर्यादा

खुरप्याने झाड तुटत नाही, तसे या अवजारांचेही आहे. ढग काढताना दोन्ही बाजूंना समान उद्दिष्ट आहे असे धरून चालावे लागते. ठेकेदार मजुरी बुडवीत असेल आणि मजूर ती मागत असेल, तर दोघांना एका ढगात बसवून समेट घडविण्याचा आग्रह हा मजुरावर अन्याय ठरेल. तेथे किमान वेतनाचा कायदा, मजुरांची संघटना आणि कामगार अधिकारी यांच्याकडेच जावे लागते. मात्र तक्रार नोंदविण्यापूर्वी काय घडले, कोणत्या तारखेला, कशातून काय निघाले, हे फांदीच्या रूपाने लिहून काढल्यास मजुराची बाजू भक्कम होते.

शब्दार्थ

गृहीतक – न तपासता खरी धरलेली गोष्ट. प्रमेय – गणितात सिद्ध करावयाचे विधान. शाकारणे – गवत, झावळ्या इत्यादींनी छप्पर झाकणे. अखत्यारीत – अधिकारकक्षेत.

स्वाध्याय

१. पट्टीश्वरम्‌च्या कथेत कोणते गृहीतक सोडले गेले? तुमच्या शब्दांत लिहा.

२. ‘सुटली ती मागणी, गरज नव्हे’ हे विधान रामानुजन यांच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

३. कुंभकोणम्‌च्या आगीविषयी पाठात दिलेल्या फांदीला आणखी एक ‘जर’ जोडा. तो बदलणे कोणाच्या अखत्यारीत आहे तेही लिहा.

४. तुमचे शिक्षण ज्या कारणाने थांबले होते त्याचा ढग काढा. कोणत्या रेषेवरील गृहीतक आज खरे राहिलेले नाही?